करारावर सही करण्याआधी फ्रीझरची खोली बघा

नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं संलग्न आहेत. त्यांच्यापैकी कुणाला परदेशी विद्यापीठासोबत संशोधन करायचं असेल, तर आधी आफ्रिकेतला अनुभव अभ्यासावा, असं मी आग्रहानं सांगेन.

पहिला प्रश्न पैशाचा. २०१० मध्ये अमेरिकेनं वैद्यकीय शिक्षण भागीदारीचा ‘मेपी’ हा कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षं, सुमारे १३ कोटी डॉलर. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनुदान थेट आफ्रिकी संस्थांना मिळालं आणि अमेरिकी विद्यापीठं त्यांची भागीदार झाली. एरवी उलटं असायचं. मुख्य अनुदान परदेशात राहायचं आणि इकडे त्यातला वाटा उपअनुदान म्हणून यायचा. त्यातही वीज, हिशेब, खरेदी अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी अमेरिकेची एनआयएच ही वैद्यकीय संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था परदेशी संस्थांना अनेक वर्षं फक्त ८ टक्के देत होती. अमेरिकेतल्याच कित्येक विद्यापीठांचा या खर्चाचा दर ५० टक्क्यांच्या वर. मग अनुदान सांभाळणारा लेखापाल नेमायचा कशातून? माझ्या मते भागीदारी सगळ्यात आधी इथेच खिळखिळी होते.

दुसरी गोष्ट फ्रीझर. रुग्णांचे रक्तासारखे नमुने साठवणारा उणे ८० अंशांचा फ्रीझर देणगीत मिळतो, त्याची देखभाल मिळत नाही. तो सतत उष्णता बाहेर टाकतो. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो, तेव्हा बंद खोलीत एसी नसेल तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. व्होल्टेज वरखाली झालं तर तोच आधी जातो. म्हणून स्टॅबिलायझर, आपोआप सुरू होणारा जनरेटर, मोबाइलवर वाजणारा अलार्म आणि वार्षिक देखभाल करार हे चारही अर्जाच्या अंदाजपत्रकातच धरा. हवेची जाळी नियमित साफ करा. रिकामा फ्रीझर वीज गेल्यावर लवकर तापतो, म्हणून मोकळ्या कप्प्यांत पाण्याचे डबे गोठवून ठेवा. भरताना वर जागा सोडा, नाहीतर ते फुटतात. एक फ्रीझर रिकामा पण चालू असावा, म्हणजे दुसरा बंद पडला की नमुने हलवता येतात.

नमुने बाहेर पाठवायचे असतील तर खोक्यातला कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, दिवसाला साधारण सव्वादोन ते साडेचार किलो उडून जातो. कस्टममध्ये शनिवार-रविवार अडकला की खोका संपला. सोमवारी पाठवा. खोका हवाबंद करू नका, वायू कोंडून फुटतो.

माणसं टिकतात तिथे काम टिकतं. केनियात एल्डोरेटच्या मोई विद्यापीठाची आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची जोडी १९८९ पासून आहे. इंडियानाचे डॉक्टर तिथे जाऊन राहिले, आणि आधी रुग्णसेवा उभी राहिली. संशोधन त्या रुग्णसेवेच्या नोंदींवर वाढलं.

शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, विदा (डेटा) कुठे राहील, उरलेल्या नमुन्यांचं काय होईल, हे करारात आधीच लिहून घ्या. आणि आपल्याकडे परदेशी भागीदार असला की संस्थेच्या नैतिकता समितीखेरीज आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. ती येण्याआधी संशोधन परिचारिका नेमली, तर पगार सुरू होतो आणि एकही रुग्ण नोंदवता येत नाही. नेमणुकीची तारीख मंजुरीनंतरचीच ठेवा.