कोऱ्या कोरी

पंचांगाची प्रुफं तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पहिली सहा-सात खिळ्यांच्या छपाईची, उरलेली डीटीपीची. या धंद्यात एक खोड अंगात मुरते: कोष्टक समोर आलं की आधी वाचायचं नाही, मोजायचं. रकान्यात ओळी किती, वार सलग आहेत का, तिथी कुठे तुटली. अर्थबिर्थ नंतर.

हे मी फटके खाऊन शिकलो. नोकरीला लागलो त्याच वर्षी एका पानावर षष्ठीनंतर थेट अष्टमी दिसली. कंपोझिटरने ओळ खाल्ली असं समजून मी मोठ्या ऐटीत समासात ‘सप्तमी घाला’ असं लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी ते पान सगळ्यांसमोर हातात धरलं आणि विचारलं, “क्षयतिथी हा शब्द कधी कानावर पडलाय का?” जी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही ती गळते, आणि दोन सूर्योदयांना सापडते ती दोनदा येते, हे मला तोंडपाठ होतं. पण पान समोर आलं तेव्हा नेमकं आठवलं नाही.

तर गेल्या महिन्यात भाच्याने ममारीचं चित्र ए-थ्री कागदावर छापून आणलं. म्हणाला, “मामा, हे पंचांग तपासून दाखव.” म्हटलं, वाचता तर जगात कुणालाच येत नाही, मग माझं काय जातंय? बसलो पेन्सिल घेऊन.

ममारी म्हणजे ईस्टर बेटावरची एक लाकडी फळी. बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात आणि लिपीला रोंगोरोंगो. फळी २९ सेंटीमीटर लांब, साडेएकोणीस रुंद. दोन्ही अंगांना चौदा-चौदा ओळी, मिळून हजाराच्या आसपास चिन्हं. माणसं, मासे, पक्षी, चंद्रकोरी. लाकूड म्हणाल तर आपल्या कोकणात खाडीकाठी जी भेंड असते ना, पिवळी फुलं सुकता सुकता लालसर होणारी, तेच झाड. अशा पंचवीसेक वस्तू उरल्या आहेत आणि त्यातली एकही बेटावर नाही. ममारी रोमला आहे.

वाचणारे कुठे गेले, ते थोडक्यात सांगतो, कारण सांगताना बरं वाटत नाही. १८६२-६३ मध्ये पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली आणि बेटावरची माणसं भरभरून घेऊन गेली. जी थोडी परतली त्यांच्याबरोबर देवी आल्या. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. ताहितीचे बिशप जोसाँ यांना मेतोरो नावाचा एक रापा नुई मजूर भेटला, त्याने फळ्या हातात धरून गाऊन दाखवलं, बिशपनी ते सगळं उतरवून घेतलं. पण ज्या भागाबद्दल मी लिहितोय तो भाग मेतोरोने उलट्या टोकाकडून म्हटला, आणि मधली पौर्णिमा त्याला ओळखूच आली नाही. म्हणजे त्यालाही वाचता येत नव्हतं. तो चित्रं बघून सांगत होता.

हा भाग म्हणजे फळीच्या एका अंगावरच्या सहाव्या ते नवव्या ओळीतला तुकडा. ते चांद्रमासाचं कोष्टक आहे हे जर्मन अभ्यासक बार्थेल यांनी ओळखलं. त्यांचं पुस्तक १९५८ चं. पुढे १९९० मध्ये जाक गी यांनी त्याची बारकाईने फोड केली. मी मात्र आधी काहीच न वाचता मोजायला बसलो आणि तोंडावर आपटलो. एक चंद्रकोर म्हणजे एक रात्र, आणि या कोरींचे गट पाडणारी चार चिन्हांची एक ठरावीक मालिका पुन्हा पुन्हा येते, तिच्या शेवटी दोरीला लागलेला मासा. असे आठ गट. माशांची तोंडं पाहिली तर काही वर, काही खाली, क्रम म्हणून नाही. तासभर डोकं खाजवलं. मग भाच्याने हसत कागद उलटा केला. या लिपीत एक ओळ संपली की फळी डोकं खाली करून पुढची ओळ वाचायची, शेतात बैल वळवावेत तशी. दर ओळीला कागद फिरवत गेलो आणि मासे शहाण्यासारखे रांगेत उभे राहिले: पौर्णिमेआधी चार, तोंड वर, पौर्णिमेनंतर चार, तोंड खाली. शुद्ध आणि वद्य!

पौर्णिमेचं चिन्ह वेगळंच आहे. आपल्याला चंद्रावर ससा दिसतो, त्यांना चूल पेटवणारी म्हातारी दिसते. जमिनीत खड्डा करून घातलेली चूल.

आता मला सगळ्यात आवडलेली जागा. काही कोरींना शेजारी एखादं चिन्ह चिकटलेलं आहे, पण सातव्या ओळीच्या सुरुवातीला सहा कोरी अगदी कोऱ्या आहेत. पौर्णिमेनंतर सातवीतून आठवीत जाताना पुन्हा तशाच पाच. १८८६ च्या डिसेंबरात ‘मोहिकन’ या अमेरिकी जहाजावरचा हिशेबनीस थॉमसन बेटावर उतरला होता. त्याने रात्रींची नावं लिहून नेली. हिशेबनीसच तो, यादी चोख केली. त्या यादीत प्रत्येक रात्रीला स्वतःचं नाव आहे, फक्त दोन ठिकाणी नुसते आकडे आहेत: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरु, म्हणजे एक, दोन, तीन. पौर्णिमेआधी सहा कोकोरे, नंतर पाच. फळीवर सहा आणि पाच. आकडा म्हणून एकही चिन्ह काढलेलं नाही. कोरच तितक्या वेळा काढली आहे.

‘कोरे’ म्हणजे नाही, रिकामं. आपल्या ‘कोरा’शी त्याचं काही नातं नाही, नुसता आवाजाचा योगायोग, पण माझी पेन्सिल क्षणभर थांबली खरी. हवाईतही महिन्यातल्या काही रात्रींना याच अर्थाचं ‘ओले’ म्हणतात आणि त्या रात्री मासेमारीला, लावणीला वाईट मानतात. आपल्याकडे चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथी. रिक्ता म्हणजे तरी काय?

इथे एक सांगतो, नाहीतर लोक मला भलत्या रांगेत बसवतील. रोंगोरोंगोत गूढ आकडे शोधणाऱ्यांना तोटा नाही. १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी ही चिन्हं मोहेंजोदडोच्या मुद्रांशेजारी मांडून दोन्हींचं नातं जाहीर केलं. मध्ये हजारो वर्षं आणि अर्धी पृथ्वी, तरी अजून कुणी ना कुणी मला ते फॉरवर्ड करतंच. आठ गटांवरून आठ दिशा काढणारेही भेटतील. नुसते आकडे जुळायला काय, माझ्या वाणसामानाच्या यादीतही जुळतात. सहा आणि पाचला वजन आहे ते वेगळ्या माणसाने, वेगळ्या कामासाठी, लोकांच्या तोंडून घेतलेल्या यादीत तेच आकडे आहेत म्हणून.

कोष्टकाच्या अगदी शेवटी दोन कोरी वेगळ्या आहेत. २८ नेहमीच्या रात्री आणि या दोन राखीव, महिना लांबला तर वापरायच्या. चंद्र लांब असला की संथ चालतो आणि लहान दिसतो. त्याचा आकार बघून राखीव रात्र घ्यायची की नाही ते ठरत असावं, असा जाक गी यांचा अंदाज. तो मला पटतो, कारण दोनदा येणाऱ्या तिथीचा, म्हणजे वृद्धितिथीचा, घोळ निस्तरायला प्रत्येकाला काहीतरी युक्ती लागतेच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझा कागद पुन्हा काढला. पहिल्या मोजणीत अकराव्या कोरीपाशी मी पेन्सिलीने गोल केला होता आणि सवयीने समासात लिहिलं होतं: ‘खिळा खराब, बदला’. कारण त्या एका कोरीला फुगवटा आहे, बाकीच्यांना नाही. थॉमसनच्या आणि पुढे मेत्रो या अभ्यासकाच्या यादीत दोन राखीव रात्रींपैकी एक सापडते ती बरोबर तिथेच, अकराव्या जागी.

षष्ठीनंतरची ती अष्टमी आठवली. शेरा खोडला, कोरीखाली टिंबं दिली आणि शेजारी लिहिलं: ‘आहे तसे ठेवा’.