बस हवी का, असं विचारू नका

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) नवा सिटी बस रूट ठरवायचा म्हटलं की वॉर्डात बैठक लागते आणि पहिलाच प्रश्न येतो, "तुमच्या भागातून बस हवी का?" हात वर न करणारा माणूस सापडत नाही. मग त्या सगळ्या हातांना खूश करत रूट आखला जातो. चार कॉलन्यांत शिरतो, दोन चौक उलटे फिरतो आणि मुकुंदवाडीहून रेल्वे स्टेशनला जायला रिक्षापेक्षा दुप्पट वेळ घेतो. सहा महिन्यांत बस रिकामी धावू लागते आणि "लोकांनीच मागितली होती, आता बसत नाहीत" असा ठपका लोकांवर येतो. चूक लोकांची नसते, प्रश्नाची असते.

विचारायचं ते कालचं. काल घरातून कुठे गेलात, किती वाजता, कशाने, किती पैसे पडले, किती चालावं लागलं आणि परत कशाने आलात? एवढे सहा प्रश्न, माणशी तीन मिनिटं. "बस आली तर बसाल का" हा सातवा प्रश्न अजिबात जोडू नका. त्याचं उत्तर "हो" येतं आणि त्या "हो"वर एक बसही चालवता येत नाही. काल रांजणगाव शेणपुंजीहून घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, ओपीडीला आलेल्या मावशींनी दोन रिक्षा बदलल्या असतील, तर रूट तिथेच दिसतो.

आता हे विचारायचं कुठे? संध्याकाळी सहाच्या वॉर्ड सभेला दुकानदार, निवृत्त मंडळी आणि कार्यकर्ते येतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला गेलेला कामगार येत नाही. सिडकोत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई येत नाहीत. बसची खरी गरज असलेली माणसं ज्या वेळी प्रवासात असतात, त्याच वेळी आपण सभा ठेवतो. म्हणून माणसं उभी असतात तिथे जायचं. पहाटे सहाला पंढरपूरच्या चौकात (हे वाळूजजवळचं), सकाळी नऊला घाटीच्या गेटवर, दुपारी विद्यापीठाच्या गेटवर, रात्री पाळी सुटताना बजाजनगरात. बायकांशी बोलायला बचत गटाची बैठक उत्तम. तिथे "अंधार पडल्यावर कोणत्या थांब्यावर उतरायला नको वाटतं" हेही कळतं, आणि ते चारचौघांतल्या सभेत कुणी सांगत नाही.

दिवस निवडतानाही भान हवं. नळाला पाणी यायच्या दिवशी त्या भागातल्या बायका घर सोडत नाहीत. त्या दिवशीची मोजणी घेतली तर तिथे प्रवासीच नाहीत असं कागदावर दिसेल. गुरुवारी छावणीचा बाजार असतो, रविवारी जाफरगेटचा. बाजाराचे दिवस वेगळे मोजायचे, पण मोजायचे जरूर. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेमुळे त्या बाजूची गर्दी इतकी फुगते की त्या नऊ दिवसांचे आकडे रूटसाठी निरुपयोगी. शाळा-कॉलेजं सुरू असलेले दोन मंगळवार-बुधवार आणि एक बाजाराचा दिवस, एवढं पुरतं.

नकाशा दाखवायचा तर भिंतीवरचा प्रोजेक्टर नको. चार चार्टपेपर चिकटवून मोठा नकाशा करायचा, त्यावर लोक बोलताना सांगतात त्या खुणा टाकायच्या: बाबा पेट्रोल पंप, आकाशवाणी, सेव्हन हिल, टीव्ही सेंटर, गुलमंडी, औरंगपुरा. रस्त्यांची कागदोपत्री नावं तिथे कुणाच्या कामाची नाहीत. बायकांना टिकल्यांची पाकिटं द्यायची. लाल टिकली घराजवळ, हिरवी जिथे रोज जायचं तिथे, आणि मधे दोरा. तासाभरात पन्नास-साठ दोरे लागतात आणि दाट पट्टा आपोआप उमटतो. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हे सगळ्यात मोलाचं काम. कारण आपली टिकली एकटी पडली आणि शेजारच्या वस्तीच्या वीस टिकल्या एका रेषेत आल्या, हे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. दोरे काढण्याआधी फोटो घ्या आणि प्रत्येक दोऱ्याची वेळ वहीत टिपा. वेळ नसलेला दोरा अर्धाच कामाचा.

त्यानंतर हिशेब, आणि तोही लोकांसमोर. समजा, शहरातून रांजणगावपर्यंत 18 किलोमीटरचा रूट आहे. थांबे आणि सिग्नल धरून ताशी 16 किलोमीटर पडतात, म्हणजे एका बाजूला साधारण 68 मिनिटं. जाऊन-येऊन 135, दोन्ही टोकांना मिळून विसावा 15 मिनिटं. एक पूर्ण फेरी 150 मिनिटांची. दर 15 मिनिटांनी बस हवी असेल तर 10 गाड्या लागतात, शिवाय एखादी बंद पडली तर लावायला एक राखीव. पाचच गाड्या असतील तर बस अर्ध्या तासाने.

आता एका कॉलनीची मागणी येते, "बस आमच्या आतून न्या, दोनच किलोमीटर जास्त." आतल्या रस्त्यावर ताशी 12 किलोमीटर धरा. एका बाजूला 10 मिनिटं, फेरीला 20. फेरी 170 मिनिटांची झाली. पाच गाड्यांवर बस आता दर 34 मिनिटांनी. अर्ध्या तासाची बस लोकांना पाठ होते: सातला, साडेसातला, आठला. चौतीस मिनिटांची बस कुणाला पाठ होत नाही, आणि पाठ नसलेली बस लोक सोडून देतात. शिवाय बसमधल्या 40 जणांचे प्रत्येकी 10 मिनिटं म्हणजे 400 मिनिटं गेली, ती कॉलनीतल्या आठ जणांची आठ-आठ मिनिटांची चाल वाचवायला. हे फळ्यावर मांडलं की मागणी करणारे काका स्वतःच विचारतात, "मग मेन रोडवर सावलीचा थांबा तरी द्याल का?" ही मागणी मात्र पूर्ण करायलाच हवी.

कारण थांब्यापर्यंत चारशे मीटर चालणं हे पुस्तकातलं माप इथे एप्रिल-मेच्या दुपारी टिकत नाही. ऊन 42 अंशांवर असताना कडेवर लेकरू घेऊन चारशे मीटर म्हणजे फार झालं. थांबा ठरवताना आधी झाड बघा. पन्नास मीटर मागेपुढे कडुनिंब असेल तर थांबा तिथे न्या. पत्र्याचं शेड मे महिन्यात तव्यासारखं तापतं. छताला दुहेरी थर हवा, पश्चिमेकडून आडोसा हवा आणि बसायचा कट्टा लोखंडी नको.

जालना रोडवर आणखी एक गोष्ट हमखास चुकते. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको, सगळीकडे उड्डाणपूल आहेत. नकाशावर थांबा चौकात दिसतो, गाडी पुलावरून निघून जाते आणि प्रवासी खाली हात करत राहतात. चालकाला दोष देऊन उपयोग नाही, वेळापत्रकात पुलाखालच्या सिग्नलची तीन-चार मिनिटं धरलेलीच नसतात. प्रत्येक पुलासाठी "वरून" की "खालून" हे शेड्यूलवर लिहून द्यायचं आणि त्याप्रमाणे वेळ द्यायची. जुन्या शहरात मकाई दरवाजा, महमूद दरवाजा या बाजूला रूट काढण्याआधी टेप घेऊन रुंदी-उंची मोजा. 12 मीटरची गाडी अडीच मीटरहून थोडी जास्त रुंद असते आणि वळताना तिची शेपटी बाहेर जाते. तिथे 9 मीटरची मिडी बस लावा, नाहीतर रूट बाहेरून न्या. या ऐतिहासिक दरवाज्यांना धक्का लागता कामा नये.

लाइट रेलबद्दल, म्हणजे हलक्या मेट्रोबद्दल, आपल्याकडे उत्साह मोठा आहे, शेंद्रा ते वाळूज या दोन औद्योगिक वसाहतींमधल्या पट्ट्याचं नाव नेहमी निघतं. उत्साह चांगलाच, पण आधी मोजणी. केंद्राच्या 2019 च्या मेट्रोलाइट (रुळांवरची हलकी मेट्रो) मानकांत एका दिशेने ताशी 15,000 प्रवाशांपर्यंतचा विचार आहे, तर रबरी टायरच्या मेट्रो निओत 8,000 पर्यंतचा. 60 प्रवाशांची बस दर तीन मिनिटांनी सोडली तर ताशी 1,200 माणसं जातात, दर मिनिटाला सोडली तर 3,600. म्हणून सगळ्यात गर्दीच्या ठिकाणी, समजा नगर नाक्यावर, सकाळी सहा ते दहा उभं राहून एका दिशेची माणसं मोजा. वाहनं नव्हे, माणसं. शेअर रिक्षात किती, काळी-पिवळीत किती, दुचाकीवर किती.

इथे एक खड्डा आहे. वाळूजकडे जाणाऱ्या कंपनीच्या बस त्या मोजणीत आकडा भरपूर वाढवतात. पण कंपनीची बस घराजवळून नेते आणि थेट गेटवर सोडते. तो कामगार तिकीट काढून, जिने चढून, पुन्हा गेटपर्यंत चालत जाणार नाही. त्यांचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर अहवालातली गर्दी आणि डब्यातली गर्दी जुळणार नाही. रूळ जमिनीवरूनच घ्यायचे तर रस्त्याच्या मधोमध उड्डाणपुलांचे खांब आणि रॅम्प आडवे येतात. वरून न्यायचे तर खर्च कितीतरी वाढतो. छावणीतली जागा संरक्षण खात्याची, तिथे रुंदीकरण महापालिकेच्या एकटीच्या हातात नाही. 2017 च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणानुसार आधी शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांची तुलना करावी लागते. त्या तुलनेत "याच पट्ट्यावर दर चार मिनिटांनी चांगली बस" हा पर्याय प्रामाणिकपणे मांडला आहे का, हे नागरिकांनी आवर्जून तपासावं. आणि रेल्वे आली तरी सातारा-देवळाई, हर्सूल, पडेगावच्या माणसाला स्टेशनापर्यंत बसनेच यायचं आहे. बस बंद करून रेल्वे भरत नाही.

रूट ठरला की ज्या ज्या ठिकाणी टिकल्या लावल्या, तिथे परत जायचं. कोणती मागणी घेतली, कोणती नाही आणि का, हे एका पानावर मराठीत, उर्दूत आणि वाळूज भागात हिंदीतही, किराणा दुकानाच्या दारावर लावायचं. पहिले तीन महिने वेळ बदलायची नाही, कारण नवी बस अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात. वाहकाच्या तिकीट मशीनमधून कुठून कुठलं तिकीट काढलं ते मिळतं, प्रत्यक्ष कोण कुठे उतरलं ते मिळत नाही. ते मोजायला महिन्यातून दोन दिवस मागच्या दारापाशी वही घेऊन एक माणूस बसवा. तीन महिन्यांनी ती वही आणि टिकल्यांचा फोटो शेजारी ठेवून पुन्हा त्याच बचत गटाच्या बैठकीत जायचं आणि तेच सहा प्रश्न विचारायचे.