आजीने कोरवून घेतलेली गोष्ट

हातात कादंबरी दिसली की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हे खरेच घडले आहे का गं?’ भाजीवाल्याला मेथी आजची आहे का असे विचारावे, तितक्या सहजपणे आजी हे विचारते आणि उत्तर नकारार्थी आले की तिचा उत्साह निम्म्यावर येतो. चरित्रे, आठवणी, प्रवासवर्णने यांना तिच्या लेखी मान आहे. कादंबरी म्हणजे ‘कुणीतरी मनाने रचलेले’. मी कॉलेजच्या अभ्यासापेक्षा अधिक वेळ या मनाने रचलेल्या गोष्टींवरच घालवते, आणि अलीकडे माझा संशय नेमका उलट्या दिशेने वाढू लागला आहे. आपण रचतो आहोत, हे कादंबरीकार मुखपृष्ठावरच कबूल करून मोकळा होतो. जपून वाचावे लागते ते असे काहीही कबूल न करणाऱ्यांना.

जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी एक ऐतिहासिक कादंबरी आणली होती. त्यात राजा-राणी रात्री एकांतात बोलत असल्याचा प्रसंग आहे, आणि त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे : ‘याला पुरावा काय?’ त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात : ‘आपण दाराआड होतात काय?’ आणि त्याही खाली पुन्हा पेन्सिल : ‘मग लेखक होता काय?’ ज्या नाशिक गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, त्या गावातले वाचक पुस्तकाशी अशी हुज्जत घालणार, हे ओघानेच आले. माझे मत निळ्या शाईच्या बाजूने आहे. जिथे तिसरे माणूस हजर नव्हते, तिथूनच कादंबरीकाराची हद्द सुरू होते. जे ठाऊक आहे ते फिरवण्याची मुभा मात्र मी त्याला देणार नाही.

आता कबुली न देणाऱ्यांविषयी. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या डोंगरावर जी त्रिरश्मी लेणी आहेत, ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. आपण सगळे मात्र त्यांना पांडवलेणी म्हणतो, कारण एवढा मोठा डोंगर कोरायचा तर तो पांडवांनीच, अशी आपल्याकडे लोकांची खात्री असते. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला एक लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने, हे लेणे भिक्षूसंघाला दान दिले आणि त्या निमित्ताने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी भिंतीवर कोरवून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते, त्याचे मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे होते आणि पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा होता, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे भोळ्या समजुतीने या डोंगरावर आणून बसवलेल्या पांडवांपैकी दोघे तिथल्या भिंतीवर खरोखरच सापडतात, फक्त उपमेच्या रूपात.

मला या लेखातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे त्याच यादीत, दिग्विजयांच्या रांगेत, तो आईची अखंड सेवा करीत असे, हेही नोंदवलेले आहे. कुठल्याही आईला वगळता न येणारा हा तपशील आहे आणि नेमका तो वाचताना दगडामागचे माणूस दिसते. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची त्याला रुची नव्हती, असे हा लेख सांगतो. आणि त्याच लेखात त्याने क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश निःशेष केल्याचेही अभिमानाने सांगितले आहे. कादंबरीत असे आले असते तर संपादकाने लाल रेघ मारली असती.

शेजारी, दहा क्रमांकाच्या लेण्यात, त्याच क्षहरातांचा जावई उषवदात आपली दाने मोजतो. त्याने तीन लाख गाई दान दिल्या म्हणे. त्या गाई कुणी मोजल्या, हा प्रश्न आमच्या आजीला पडत नाही, कारण जे कोरले ते खरे, अशी तिची धारणा आहे. दगडावर लिहिणारा माणूसही शेवटी कुणाला तरी काही पटवून देत असतो, हे मी तिला सांगून पाहिले, तेव्हा ‘तुला सगळीकडे खोटेच दिसते’ असे म्हणून तिने शेंगा सोलायला घेतल्या. पण मला खोटे दिसत नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी उषवदाताच्या सासऱ्याची, नहपानाची आहेत, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या चेहऱ्यावर आपला शिक्का ठोकायचा, तर आधी त्याचा खजिना हाती यावा लागतो. बलश्रीच्या लेखातला विजय खरा होता, हे तिच्या शब्दावर विसंबून न राहता कळते. कमळासारख्या मुखाविषयी मात्र तिच्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

नाण्यांना आणि शिलालेखांना जे सांगता येत नाही, त्यासाठी मला कादंबरी हवी असते. मुलगा गेलेला, नातू गादीवर स्थिरावलेला, आणि ही वृद्ध बाई मजकूर सांगते आहे. ‘हिंसेची रुची नव्हती’ हे शब्द तिने कसे निवडले असतील, की राजकवीने आणून दिलेले तिने नुसते मान्य केले असतील? हा प्रसंग कुणी लिहिलाच, तर मी तो राणीच्या नव्हे, पाथरवटाच्या बाजूने वाचायला घेईन. शत्रूलाही न मारणारा आणि वंश निःशेष करणारा, ही दोन्ही विशेषणे एकाच भिंतीवर छिन्नीने उतरवताना तो क्षणभर थबकला असेल, असे मला वाटते. मग पुढचे अक्षर त्याने घेतले असेल, कारण मजुरी दोन्हींची सारखीच मिळणार होती.