शिआनच्या शिळांवर शाई शोधताना

चीनमधल्या शिआन शहराच्या दक्षिण दरवाजाच्या आत, तटालगत पूर्वेला वळलं की शुयुआनमन ही कुंचले, कागद, शाईची गल्ली लागते. ती ओलांडली की बेइलिन, म्हणजे शिलालेखांचं वन. १०८७ साली याची सुरुवात झाली. ८३७ साली पुरे झालेले कन्फ्यूशियन ग्रंथ इथे ११४ शिळांवर कोरलेले आहेत; बहुतेक पर्यटक तिथेच फोटो काढून दमतात.

माझं ऐकाल तर सरळ आठव्या शतकातला सुलेखनकार यान झनछिंग याच्या शिळा गाठा. ७५२ सालची 'दुओबाओ स्तूप' शिळा: अक्षरं घट्ट, नीटस, जरा जपून लिहिलेली. मग ७७९ सालची, पणजोबांसाठी लिहिलेली यान छिनली शिळा बघा. सत्तरीतल्या माणसाचा हात; उभ्या रेघा जाड आणि बाहेरच्या अंगाला किंचित फुगलेल्या, आडव्या बारीक. ही शिळा १९२२ साली जमिनीतून निघाली. शतकानुशतकं ठसे घेऊन झिजणं तिच्या वाट्याला आलं नाही, म्हणून कडा अजून धारदार आहेत.

ठसा घेताना ओला कागद शिळेवर चिकटवून ब्रशने ठोकतात, म्हणजे तो कोरीव खाचांत बसतो. कागद अर्धवट वाळला की कापसाच्या बोचक्याने वरून शाई थोपटायची. घाई केली तर शाई फुटून अक्षरांत शिरते. उशीर झाला तर कागद दगड सोडतो. अक्षरं पांढरी राहतात, पण उलटी होत नाहीत.

दगडावर एक गोष्ट मात्र दिसत नाही: शाई कुठे ओली होती, कुठे संपत आली. त्यासाठी गल्लीतल्या दुकानांत लिहिणाऱ्यांचं मनगट बघत उभं राहावं. वेगाने ओढलेल्या कोरड्या रेघेत कागदाचे पांढरे पट्टे उमटतात. सगळी गंमत त्यात. कच्च्या, म्हणजे खळ न लावलेल्या, शुआन नावाच्या चिनी कागदावर कुंचला क्षणभर रेंगाळला तरी डाग पसरतो, आणि गिरवून दुरुस्ती करता येत नाही, केली तर लगेच कळते. सरावाला खळ लावलेला कागद सोपा, पण त्यावर शाईचे हे खेळ फारसे दिसत नाहीत.

खरेदी करायचीच तर शेळी आणि मुंगसासारख्या विजल या प्राण्याच्या केसांचा मिश्र कुंचला घ्या. नुसता शेळीचा फार मऊ, नवख्याला आवरत नाही. नव्या कुंचल्याचं टोक खळीने कडक असतं. ते कोमट पाण्यात सोडवा. उकळतं पाणी वापरलंत तर मुळाशी असलेला डिंक सुटून केस गळतात. शाईची कांडी थेंब थेंब पाण्यात, उभी धरून, सावकाश उगाळा, आणि काम झाल्यावर सहाणेवर ठेवू नका. शाईतल्या सरसामुळे ती चिकटते आणि ओढून काढताना सहाणेचा टवका उडतो.