घर बघायला जुलैत

कोकणात राहायला जायचं ठरल्यावर ज्याने त्याने एकच सल्ला दिला, घरं बघायला डिसेंबरात जा. आम्ही मुद्दाम जुलैत गेलो. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर आवडतं. पुण्यात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे ३००० च्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. ते चार महिने ज्या घरात निभतील तेच घ्यायचं. भाड्यानेच, विकत घ्यायची छाती अजून नाही.

गाडीत मी, ही आणि आई. माझं काम लॅपटॉपवर चालतं, हिच्या शिकवण्याही ऑनलाइन. आईला दमा, त्यामुळे खरी परीक्षक तीच.

पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो तो पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांच्या भरवशावर. पहिला मुक्काम चिपळूण. बाजारपेठेजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायचा होता. घरमालक काका छत्री मिटून पुढे झाले आणि जिन्यातच थांबले. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर तेलरंगाची एक रेघ होती, शेजारी तारीख : २२-७-२०२१. ‘‘इथवर आलं होतं,’’ एवढंच म्हणाले. मग खालच्या फिकट रेघेवर बोट ठेवून, ‘‘हे २००५ चं.’’

चिपळुणात हे कुणी लपवत नाही. चहावाल्याला पत्ता विचारला तरी पत्त्याबरोबर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. गावातून जाणाऱ्या वाशिष्ठी नदीला डोंगरातून लोंढा येतो, वर कोळकेवाडी धरणाचं पाणी (घाटावरच्या कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडतात, ते हेच), आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाट नाही. गावात १८६४ सालचं वाचनालय आहे, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. दोन्ही पुरांत त्यातली पुस्तकं भिजली. ते पुन्हा उभं राहिलं.

आई वर गेली आणि तिने सगळ्यांत आधी कपाट उघडून आत डोकं घातलं. हा तिचा पुढे प्रत्येक घरातला रिवाज झाला. बाहेर येऊन म्हणाली, ‘‘वास नाही.’’ पण ही ती रेघ बघून गप्प झाली होती. नको, पुढे जाऊ.

रत्नागिरी मला आधीपासून आवडती. मिरकरवाडा बंदरात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, कारण जून-जुलै मासेमारी बंद. समुद्राचा आवाज गावभर. एजंटाने समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट दाखवला, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. ‘‘साहेब, असा व्ह्यू पुण्यात मिळेल का?’’ नाही मिळणार. पण आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींच्या पश्चिमेकडच्या भिंतींना पत्रे ठोकलेले दिसत होते. नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो, विटांमधून पाणी झिरपतं, म्हणून हा जुना उपाय. आमच्या इमारतीला पत्रा नव्हता. आईने कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला. मी भिंतीवर तळहात ठेवला, तो ओला झाला नाही, पण ताज्या रंगाचा पापुद्रा हाताला चिकटून आला. एजंट म्हणाला, ‘‘पावसाळ्यात थोडं चालतंच.’’ थोडं किती, ते त्याने सांगितलं नाही. रत्नागिरीत कोरडी घरं असणारच, वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या बाजूला शोधायला हवी होती. आम्हाला तेवढा धीर नव्हता.

सावंतवाडीत मात्र हिचा जीव रमला. मोती तलावावर पाऊस पडताना बघत ती अर्धा तास छत्रीत उभी होती, मग चितारआळीतून लाकडी फळांची परडी घेऊन आली. घरही सुरेख, चिऱ्याचं आणि कौलारू. पडवीला झापं बांधलेली, पागोळ्यांखाली ओळीने कळश्या. मालकीणबाईंनी कपाटात एक छोटा बल्ब कायम पेटता ठेवला होता, कपड्यांना बुरशी धरू नये म्हणून. आईला ती युक्ती भयंकर आवडली. त्यांच्याकडे कुळथाची पिठी आणि भात जेवलो, वर भाजलेला सुका बांगडा. एवढ्यावर मी करार करून टाकला असता.

पण दुपारी दोनला वीज गेली. बल्बही गेला. कुठेतरी तारेवर झाड पडलं होतं. ‘‘येतली हो, रात्रीपर्यंत येतली,’’ मावशी म्हणाल्या आणि निवांत लसूण सोलत बसल्या. रात्री अकराला आली. माझी एक मीटिंग आणि हिचे दोन वर्ग बुडाले. शिवाय आईचं दुखणं अचानक वाढलं तर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात किंवा कोल्हापूरला धावायचं, म्हणजे गोवा गाठा नाहीतर आंबोलीचा घाट चढा. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या घाटात मध्यरात्री ॲम्ब्युलन्स, हा विचार मनातून जाईना.

परतताना हायवेवर कणकवली, राजापूर, लांजा मागे पडलं आणि हातखंब्याच्या पुढे आईच म्हणाली, ‘‘त्या रेघेच्या घरी परत जाऊ या का?’’

‘‘आई, तिथे पूर येतो.’’

‘‘कुठवर येतो ते त्याने दाखवलं ना? त्या रंगाऱ्याने काय दाखवलं?’’

हिने विरोध केला, संगमेश्वरपर्यंत केला. खालच्या मजल्यावर पाणी आणि वर आपण दोन दिवस अडकलेले, औषध संपलं तर? रास्त प्रश्न होता. काकांना तोच विचारला. त्यांनी पावसाळ्याची यादी तोंडपाठ सांगितली : महिन्याची औषधं आधीच भरून ठेवायची, गॅसचा जादा सिलिंडर वर ठेवायचा, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, आणि वाशिष्ठी फुगतेय असं कळलं की आधी गाडी उंचावर नेऊन लावायची, सामान मागाहून. आईला घेऊन वेळेत निघायचं की थांबायचं, तेही रात्र व्हायच्या आत ठरवायचं. ही वहीत लिहून घेत होती, म्हणजे निम्मं ठरलंच होतं.

करार अकरा महिन्यांचा, १ सप्टेंबरपासून. सही करताना मी बोटांवर महिने मोजले.

‘‘३१ जुलैला संपतो,’’ काका म्हणाले. ‘‘बावीस तारीख करारातच आहे.’’