ताथवड्यातले फ्लेक्स

"मावळ लोकसभेचा १९५२पासूनचा इतिहास काढून द्या, पैशांचं बघू," असं म्हणणारा माणूस आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. याला कुणी सांगितलंय का, की मावळ लोकसभा २००९च्या आधी नव्हतीच?

आमचा धंदा निवडणुकीच्या आकड्यांचा. सर्व्हे करत नाही, रील बनवत नाही. जुने निकाल गोळा करायचे, केंद्रवार लावायचे, नकाशावर मांडायचे आणि ज्याला तिकीट हवंय त्याला विकायचे. गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवडकडचं होतं. नाव सांगत नाही. पक्षही सांगत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत तो तोच राहील याची खात्री मला नाही.

बाहेरच्यांना वाटतं, निकाल तर सगळे ऑनलाइन आहेत, त्यात काय एवढं. मतदारसंघाचे आहेत. केंद्रवार निकाल असतो नमुना २०मध्ये, आणि तो म्हणजे स्कॅन केलेले कागद. २०२४ला मावळात ३३ उमेदवार होते. वर नोटा, बाद मतं, प्रदत्त मतं (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं की वेगळी घेतात ती), बेरजा. एवढे रकाने एका कागदावर मावत नाहीत, म्हणून तक्ता दोन-तीन पानांत तुटतो आणि दुसऱ्या पानावर केंद्राचा क्रमांकच नसतो. कागद यंत्रात तिरका गेला असेल तर शेवटची ओळ अर्धी कापलेली. अडीच हजारांहून जास्त केंद्रं, त्यात तीन विधानसभा पुणे जिल्ह्यातल्या नि तीन रायगडातल्या, त्यामुळे कागदांचे नमुनेही दोन तऱ्हेचे. ही डोकेफोड करून झाली की खरी गंमत सुरू होते. २०१४चं केंद्र क्रमांक ११२ आणि २०२४चं ११२ यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. एका केंद्रावर दीड हजारांच्या वर मतदार झाले की सहाय्यकारी केंद्र निघायचं, पुढच्या वेळी क्रमांक सरकायचे. आता तर निवडणूक आयोगाने ती मर्यादा १,२००वर आणलीय, म्हणजे पुन्हा सगळं हलणार.

आमच्याकडचा पोरगा पायथॉनमध्ये वाघ आहे. त्याने एका दुपारात क्रमांकाला क्रमांक जुळवून सुंदर आलेख काढले. लाल-निळ्या रेषा वर-खाली. मी ते बाजूला ठेवायला लावले. मतदार यादीच्या प्रत्येक भागाचं पहिलं पान कुणी वाचत नाही, आणि सगळा जीव त्यातच असतो. त्यावर अनुभाग लिहिलेले असतात: अमुक आळी, तमुक चाळ, अमक्या सोसायटीच्या ए ते डी विंग. मी वर्षावर्षाच्या याद्यांची ती पानं शेजारी शेजारी ठेवून जुळवते. कंटाळवाणं काम आहे. पुण्यात ते माझ्याइतकं नेटाने करणारं दुसरं कुणी असेल तर मला भेटायला आवडेल.

आता मावळचा इतिहास. २००८च्या फेररचनेत, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या तेव्हा, हा मतदारसंघ जन्माला आला. पनवेल, कर्जत, उरण घाटाखाली. मावळ, चिंचवड, पिंपरी घाटावर. त्याआधीचं काही हवं असेल तर मावळ तालुक्याचा धागा खेड लोकसभेत शोधावा लागतो (अण्णासाहेब मगर, रामकृष्ण मोरे, किसनराव बाणखेले, अशोक मोहोळ) आणि पनवेलचा रायगडातल्या जुन्या कुलाबा लोकसभेत, म्हणजे दि. बा. पाटील, अंतुले, रामशेठ ठाकूर. दि. बां.ना मत देणारा पनवेलचा शेतकरी आणि मोऱ्यांना मत देणारा घाटावरचा माणूस एकमेकांना ओळखतही नव्हते. आज त्यांच्या नातवंडांचा खासदार एकच.

निकाल सरळ दिसतात. चारही वेळा शिवसेना. २००९ला गजानन बाबर ८०,६१९ मतांनी. मग बाबरांचं तिकीट कापलं आणि २०१४ला श्रीरंग बारणे १,५७,३९७ मतांनी, २०१९ला २,१५,९१३ मतांनी, २०२४ला ९६,६१५ मतांनी. आमच्या पोराने यावरही रेष ओढली होती. पण रेष ओढायची कशावर? २०१४ला दुसऱ्या क्रमांकावर लक्ष्मण जगताप, शेकाप आणि मनसेच्या पाठिंब्यावर. राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर तिसरे. काही महिन्यांत जगताप भाजपमध्ये, नार्वेकर पुढे विधानसभेचे अध्यक्ष. २०१९ला समोर पार्थ पवार. २०२४ला त्यांच्या वडिलांचा पक्ष बारण्यांसाठी मतं मागत होता, आणि विरोधात संजोग वाघेरे, आदल्या वर्षापर्यंत राष्ट्रवादीत असलेले, हातात ठाकऱ्यांची मशाल. दोन्हीकडे शिवसेनाच. अशा ठिकाणी 'परंपरागत मतदार' हा शब्द वापरणाऱ्याला मी दंड लावला असता.

२०२४चे आकडे विधानसभावार फोडले की वेगळंच दिसतं. कर्जत आणि उरणमध्ये वाघेरे पुढे होते. एकट्या चिंचवडने बारण्यांना चौऱ्याहत्तर हजारांच्या वर आघाडी दिली. चिंचवड आणि पनवेल, दोन्हीकडे सहा लाखांच्या घरात मतदार. कर्जत, उरण त्याच्या निम्म्यावर. मतदारसंघांच्या रेघा मारल्या तेव्हा हिशेब २००१च्या जनगणनेचा धरला होता. त्या वेळी चिंचवडमधल्या वाकडला ऊस होता.

तर हे सगळं घेऊन गिऱ्हाइकाच्या कार्यालयात गेलो. साहेब, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, त्यांचा पीए, दोन पोरं आणि कोपऱ्यात एक म्हातारे कार्यकर्ते, ज्यांना सगळे नाना म्हणत होते. साहेबांनी एका शाळेच्या केंद्रावर बोट ठेवलं. तिथे गेल्या तीन निवडणुकांत मतं पार उलटी झाली होती.

"इथं कुणी दगा दिला ते सांगा, ताई."

मी यादीची दोन पानं काढली. नाना उठून आले, चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि अंगठ्याच्या नखाने, त्याला चुना लागलेला होता, अनुभागाची एक ओळ खरवडल्यासारखी दाखवली.

"ही आमची आळी. ही पहिली पाच नंबर खोलीत मतं द्यायची. मग आम्हाला अंगणवाडीत टाकलं. पाच नंबरात आता ते मागचे टॉवरवाले येतात."

"म्हणजे मतं फुटली नाहीत?" साहेब.

"ते या केंद्रावरनं कळायचंच नाही, साहेब," मी म्हटलं. "माणसंच बदललीत."

साहेबांना हे आवडलं नाही. नेत्यांना दगाबाज चालतो, त्याला नाव असतं. घर बदललेल्या माणसाचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. माझ्या शेजारी आमचा पोरगा गप्प बसला होता, आणि खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं.

मग साहेबांनी नकाशावर वाकडच्या बाजूला एक पांढरा तुकडा बघितला.

"हे कोरं का? प्रिंट राहिली का?"

"ते ताथवडे, साहेब. ते मावळात येत नाही."

"महापालिकेत आहे की."

"महापालिकेत आहे. विधानसभेला भोर. लोकसभेला बारामती."

खोलीत कुणी काही बोलेना. पीए मोबाइलमध्ये शिरला. नाना पंख्याकडे बघत होते. ताथवड्याच्या रस्त्याने मी अनेकदा जाते. तिथे साहेबांचे फ्लेक्स आहेत: वाढदिवसाचे, दहीहंडीचे, सोसायट्यांना टँकर दिल्याचे. दिवाळीत घरोघर उटण्याची पाकिटं गेली होती, त्यावर 'भावी खासदार' असं छापलेलं. रायरेश्वराच्या पायथ्याचं गाव आणि आयटीवाल्यांचे ते टॉवर एकाच विधानसभेत आहेत, हे उटणं लावून घेणाऱ्यांपैकी तरी कितींना माहीत असेल? मतदानाच्या दिवशी वाकडला मावळचं यंत्र आणि रस्त्यापलीकडे बारामतीचं, हे बघून चक्रावलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत.

निघताना जिन्यात मी नानांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि फ्लेक्सचं काम पुतण्याकडं आहे ना त्यांच्या."

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलं नसतं. ऑफिसात चार दिवस हसून विसरलो असतो.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. स्वतःचा, पीएचा नव्हे. "ताई, ते ताथवडं बारामतीत आहे हे मला माहितीय. त्या दिवशी पोरांपुढं बोललो नाही." मी हं म्हटलं. विश्वास ठेवला नाही. पण मग ते विचारायला लागले. २००८च्या वेळी मसुदा कधी जाहीर झाला होता, हरकती कोण घेऊ शकतं, रेघ मारताना तालुका धरतात की महापालिकेची हद्द. २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठवलेली आहे हे त्यांना पाठ होतं. "खेड गेलं, शिरूर आलं. आमच्या शहराची भोसरी शिरूरला नेऊन बांधली, पिंपरी-चिंचवड मावळला. पुढच्या वेळी एवढी माणसं एका खासदारात मावतील का? ताथवडं कुठं जाईल सांगा की. म्हणून तर १९५२पासून मागितलं तुमच्याकडं."

मला उत्तर देता आलं नाही. कुणालाच येणार नाही, फेररचनेचा आयोग बसायचाय.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करते. 'प्रिंट राहिली का' म्हणताना त्यांचा चेहरा मी बघितला होता; ते नाटक असेल तर त्यांनी खासदारकीचा नाद सोडून नाटकात जावं. पण हरकतींबद्दलचे ते प्रश्न आठवड्याभरात पाठ केलेल्या माणसाचे नव्हते. इतका धोरणी माणूस पुतण्याला फ्लेक्सचं बिल चुकवत बसेल? बसेलही.

काम वाढलं आहे. बारामतीच्या नमुना २०मधून ताथवड्याची केंद्रं काढून आमच्या नकाशाला जोडून द्यायची. मी दर कळवला, वेगळा रंग आणि मधे जाड सीमारेषा ठेवीन असंही कळवलं. पीएचं उत्तर आलं: "साहेब म्हणतात, रंग तोच द्या." आमचा पोरगा म्हणतो, देऊन टाकू, पैसे त्यांचे, नकाशा त्यांचा. मी अजून दिलेला नाही. आगाऊ रक्कमही अजून आलेली नाही.