आमची वाटचाल : कार्ड तुमचं, बसवणं आमचं

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात आमचं दुकान आहे. पाटीवर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ असं लिहिलंय, पण विक्री आता नावापुरतीच उरली आहे. कॉम्प्युटरच्या आत बसवायची कार्डं, हाच आमचा मुख्य माल, लोक ऑनलाइन मागवतात, मुंबईला गेलं की लॅमिंग्टन रोडवरून उचलतात, दुबईच्या मेव्हण्याला सांगतात. आणि मग तो भलाथोरला खोका काउंटरवर ठेवून विचारतात, “बसतलें मरे हें?” (बसेल ना हे?) आमचं घर चालतं ते या प्रश्नावर.

मी आणि धाकट्या भावाने दुकान टाकलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घ्यायचा, डायल-अपचा जमाना होता. आम्हाला पहिला धंदा दिला तो इंटर्नल मॉडेमने. कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरच्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटात तळहाताएवढं कार्ड दाबायचं, पत्र्याला एक स्क्रू मारायचा, मागे टेलिफोनची वायर खोचायची, झालं काम. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस सुरू झाला की टेलिफोनच्या तारेतून वीज शिरायची आणि मॉडेम जळायचं, कधी कधी बोर्डही सोबत घेऊन जायचं. बाजारातले बाकीचे दुकानदार चतुर्थीच्या खरेदीची वाट बघत, आम्ही विजांची.

ब्रॉडबँड आलं आणि मॉडेमचं काम संपलं. मग टीव्ही ट्यूनर, साउंड कार्ड, लॅन कार्ड असं काय काय येऊन गेलं. त्यातलं, कॅमेऱ्यातलं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं फायरवायर कार्ड मला आवडायचं. लग्नाचं शूटिंग करणारे मिनी-डीव्ही कॅमेरा घेऊन यायचे. तासाची टेप कॉम्प्युटरवर उतरवायला तासच लागायचा आणि हार्ड डिस्कची 13 जीबी जागा जायची. त्या मंडळींशी तेव्हा जुळलेलं आजतागायत टिकलंय. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या मशिनांना केबल जोडायला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट लागतो, नव्या बोर्डांवर तो सहसा नसतो. तिथून आजही पोर्टाची कार्डं लावायला बोलावणं येतं.

स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे आम्हाला वळवलं ते फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी. तेव्हा त्या कार्डासाठी एजीपी नावाचा स्लॉट होता. 2004 पासून पीसीआय एक्सप्रेस या नव्या स्लॉटाचे बोर्ड बाजारात येऊ लागले आणि दोन-तीन वर्षं नुसता गोंधळ होता. कार्ड एजीपीचं, बोर्ड एक्सप्रेसचा, आणि पोरगा म्हणतो, “जरा जोर लावून बघा ना.” कार्डाला जोर लावायचा नसतो. खाच जुळली की ते अंगठ्याच्या सरळ दाबाने आत जातं आणि स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक’ करते. ती खिट्टी दिसते नाजूक आणि असतेही. घरच्या घरी कार्ड उपसताना ती मोडून आलेले बोर्ड आमच्याकडे नेहमीचे. मोठ्या कार्डाखाली ती दिसतच नाही, म्हणून आम्ही ती दाबायला प्लास्टिकची पट्टी वापरतो. स्क्रूड्रायव्हर तिथे घालायचा नाही. तो निसटला की बोर्डावर ओरखडा ठरलेला.

पुढे कार्डं वाढत गेली. सुरुवातीला एका स्लॉटची जागा घेणारी, मग दोन, आता तीन. आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाचं, खुद्द चिप कंपनी एनव्हिडियाने काढलेलं मॉडेल 304 मिलिमीटर लांब, 137 रुंद आणि 61 जाड आहे. इतर कंपन्यांची त्याच चिपची कार्डं याहूनही लांब असतात. आणि आपल्याकडची कॅबिनेटं? पुष्कळांच्या घरी अजून डीव्हीडी ड्राइव्हच्या काळातलीच आहेत. पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा, तोही रिव्हेट मारून पक्का केलेला.

असंच एक कॅबिनेट मागच्या पावसाळ्यात आलं, आमच्या त्याच जुन्या व्हिडिओवाल्यांपैकी एकाचं. आता ते परगावच्या लोकांची गोव्यातली लग्नं शूट करतात आणि दा विंची रिझॉल्व्हवर एडिटिंग करतात. त्या सॉफ्टवेअरचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, त्यामुळे कार्ड हौसेचं नव्हतं, कामाचं होतं. नवं कॅबिनेट घ्यायची त्यांची तयारी नव्हती. मोजायची टेप लावली. पिंजरा आडवा येत होता बोटभर. मग सगळा बोर्ड बाहेर काढला, पिंजऱ्याचे रिव्हेट ड्रिलने उडवले, कडा कानशीने घासल्या, कीस ब्रशने झाडून वर चुंबक फिरवला आणि हार्ड डिस्क दुहेरी चिकटपट्टीने न चिकटवता खाली नीट पट्टीवर बसवली. बोर्ड आत ठेवूनच ड्रिल चालवणारे कारागीर मी पाहिलेत. त्या लोखंडी किसाचा एक कण पिनांमध्ये अडकला की पुढचं बिल कार्डापेक्षा मोठं येतं.

लांबी बहुतेक जण मोजून येतात, रुंदी कुणीच नाही. नव्या मोठ्या कार्डांचा पॉवरचा प्लग कार्डाच्या वरच्या काठावर असतो आणि केबल तिथून काचेच्या झाकणाकडे येते. 16 पिनांचा नवा प्लग असेल तर तो शेवटपर्यंत आत जायला हवा आणि त्यापुढचे 35 मिलिमीटर तरी केबल सरळ राहायला हवी. झाकण दाबून बंद केलं की केबल मुडपते आणि प्लग एका अंगाला उचलला जातो. 2022 मध्ये असे प्लग वितळल्याचे फोटो जगभर फिरले. तेव्हापासून आमच्याकडे प्लग लावला की दुसरा माणूस टॉर्च मारून बघतो, फट दिसते का. लावणाऱ्याने स्वतःच बघितलेलं आम्ही धरत नाही.

विजेचा हिशोब सोपा आहे, तरी लोक तोच टाळतात. स्लॉटातून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या प्लगमधून आणखी 75, आठ पिनांच्या प्लगमधून 150. 4090 ला लागतात 450. पोरं एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा आकडा वाचून येतात, पण स्वस्त डब्यावरचा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. त्यात गोव्यात पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून घरोघरी छोटा यूपीएस. साधा 600 व्हीएचा यूपीएस 360 वॅटच्या आसपास झेपवतो. गेम ऐन रंगात आला की तो शिट्टी मारून सगळंच बंद करतो, आणि फोन आम्हाला येतो की कार्ड खराब निघालं. अशा वेळी आम्ही यूपीएस बाजूला ठेवून मशीन चालवून दाखवतो, मग वाद राहत नाही.

बंद कार्डाचं दुखणं पुष्कळदा साधंच निघतं. समुद्राकाठच्या घरांत खारट दमट हवेने पत्र्याला गंज धरतो, कार्डाच्या स्लॉटात जाणाऱ्या सोनेरी पट्टीवर थर बसतो आणि स्क्रीन काळी राहते. साफ करून परत बसवलं की मशीन सुरू. कळंगुटकडच्या एका घरातून आलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डाच्या पंख्याशेजारी पालीची दोन अंडी होती, पांढरी, वाटाण्याएवढी, अगदी चिकटून. रिकाम्या स्लॉटाची मागची फट झाकणारी एक पट्टी कुणीतरी काढून टाकली होती, तिथून पालीचं जाणं-येणं. तेव्हापासून रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या आम्ही फुकट लावून देतो. जुन्या मशिनांच्या काढून ठेवलेल्या पट्ट्यांनी बिस्किटाचा एक डबा भरलाय.

2021 मध्ये कार्डं मिळेनाशी झाली. मिळाली तर छापील किमतीच्या दुपटीच्या आसपास. विक्रीवर राहिलो असतो तर तेव्हाच शटर ओढलं असतं. त्याच वर्षी मी ‘फिटिंग चार्ज’ असं स्पष्ट लिहून दर भिंतीवर लावला. भावाला ते पसंत नव्हतं. “स्क्रू पिळायचे पैसे घेतात म्हणतील,” म्हणाला. म्हणालेही काही जण. पण आधी आम्ही मजुरी मालाच्या किमतीत लपवत होतो, आणि माल दुसरीकडून येऊ लागल्यावर ती लपवायला जागाच उरली नव्हती. आता माल कुठलाही आणा, दर तोच. आमच्याकडून घेतला तरी तोच. भाऊ आता त्या पाटीखालीच बसतो.

सध्या जास्त काम आर्किटेक्टांचं आहे. बंगल्यांचं थ्रीडी दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक होकार देत नाही म्हणे. ही माणसं वेळेला पक्की आणि पैशाला सरळ. त्यांच्या मशिनांत कार्डाच्या टोकाला आधाराचा खांब आम्ही न विचारता लावतो, कारण दोन किलोचं कार्ड आडवं लटकत राहिलं की स्लॉटवर ताण येतो. पेडण्याला किंवा काणकोणला मशीन पोचवायची असेल तर कार्ड काढून वेगळं नेतो आणि तिथे जाऊन बसवतो. परराज्यातून कुरियरने जोडलेल्या अवस्थेत आलेली आणि स्लॉट उखडलेली मशीन एकदा बघितली की हा त्रास जास्त वाटत नाही.

कार्ड मागवण्याआधी एवढं करा. कॅबिनेटचं झाकण काढा, मागच्या पत्र्यापासून पुढच्या पहिल्या अडथळ्यापर्यंतचं अंतर मोजा. पुढे पाण्याच्या कूलिंगचा रेडिएटर असेल तर तोच अडथळा. बोर्डापासून झाकणापर्यंतचं अंतर मोजा. एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा आणि वरच्या लांब स्लॉटाचाही, कारण खालचा लांब स्लॉट दिसतो तसाच, पण बऱ्याच बोर्डांवर त्याला चारच लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या असतात. हे सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलंत की बसेल की नाही ते त्याच दिवशी सांगतो, त्याचे पैसे नाहीत. रविवारी दुकान बंद, आणि चतुर्थीला गणपती विसर्जन होईपर्यंत फोनसुद्धा उचलत नाही.